झऱ्यापलीकडचा युसूफ

सानपाड्याच्या ज्या दुकानात मी वॉचमन आहे, तिथं शेटनं जर्दाळूची पेटी उघडली आणि त्या आंबटगोड वासानं मी फौजेतल्या दिवसांत गेलो.

सीमेवर आमच्या आणि पलीकडच्या चौकीच्या मधोमध एकच झरा होता. पाण्याला आलेल्यावर गोळी झाडायची नाही, हे दोन्हीकडं न बोलता ठरलं होतं. एका दुपारी मी तिथं घसरलो आणि माझा पाय दगडाखाली अडकला. पलीकडचा शिपाई रायफल ठेवून धावत आला. त्यानं दगड सरकवला, माझ्या घोट्याला स्वतःचा मफलर बांधला आणि खिशातले जर्दाळू हातावर ठेवले.

"खा लो भाई, घर के हैं. मैं युसूफ."

"घर में कौन है?"

"बेटी हुई है. अभी देखी नहीं."

आठवड्यानं वरून हुकूम आला, आता कुणालाच सोडायचं नाही. सकाळच्या धुक्यात झऱ्याकडं कुणीतरी उतरत होतं. चालण्यावरून मी युसूफला ओळखलं.

सुभेदारांनी विचारलं, "दिसतोय का रे?"

"हो साहेब," मी म्हणालो. गोळी शेजारच्यानं झाडली.

धुकं इतकं दाट होतं, की दिसत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा ते सुचलं नाही. आता रोज सुचतं, आणि त्याचा काही उपयोग नाही.