वज्री

आमच्या घरात वज्री एकच होती. जर्मनीत इंगोलश्टाटला येताना आईने बॅगेत कोंबलेली, पितळेची, वर बारीक मोर आणि तळाला आडव्याउभ्या खाचा. अंघोळीला बसलं की आधी टाचा घासायच्या, हा आमच्या घरचा शिरस्ता. इथल्या वीतभर बाथरूममध्ये पाट मांडायला जागा नव्हती, म्हणून मी टबच्या कडेवर बसून पाय घासायचो. माझं झालं की सहा वर्षांच्या मुलीला हाक मारायचो आणि तिचे पाय घासून द्यायचो. तिला गुदगुल्या व्हायच्या. "बाबा, मोर आण," असं तीच कधीकधी म्हणायची.

माझ्या उजव्या तळव्याला, चवड्याखाली, वर्षभर एक टणक गोल होता. मी त्याला कुरूप समजत होतो. दिवसभर जाड सेफ्टी शूज घालून कारखान्यात उभं राहणाऱ्या माणसाला कुरूप होणारच, असा माझा हिशोब. औषधाच्या दुकानातून कुरपाच्या पट्ट्या आणल्या. त्यांनी काही होईना, तेव्हा ब्लेडने वरची कातडी तासली. आत काळे ठिपके दिसले. घाण साचली असेल म्हणून मी वज्रीने आणखी जोरात घासलं. कधी थोडं रक्त यायचं. मग वज्री नळाखाली धरायची आणि मुलीला हाक मारायची.

कामावर मी गिअरबॉक्सच्या भागांची तपासणी करायचो. केसाएवढी चीर दिसली तरी भाग बाजूला काढायचो आणि ती कुठून आली याचा मुळापर्यंत छडा लावायचो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात, गाड्यांना फुटबॉलचे झेंडे लागले होते तेव्हा, मुलगी श्विमबाडमध्ये, म्हणजे इथल्या तरणतलावात, पोहायला शिकत होती. इथली मुलं पहिली परीक्षा पास झाली की त्यांना समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो. तो स्विमसूटवर कुठे शिवायचा, ती जागासुद्धा तिने आईला दाखवून ठेवली होती. परीक्षेला दोन आठवडे राहिले असताना तिच्या शिक्षिकेने मला हाक मारली. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, पण माझ्याशी ती अगदी हळू बोलली. तिने मुलीचा पाय उचलून दाखवला. टाचेजवळ तीन छोटे गोल होते आणि प्रत्येकात काळे ठिपके.

"हे बघा, काळजीचं काही नाही," ती म्हणाली. "चामखीळ आहे. डॉक्टरांना दाखवा. तोवर रबरी मोजे घालून पोहू दे तिला."

ते ठिपके मला पाठ होते. बघताक्षणी मला सगळं कळलं होतं, हे मी आज लपवत नाही. पण बाकावर बाकीचे आईबाप बसले होते, त्यांत आम्हीच तेवढे परदेशी, आणि आपल्याला घाणेरडं समजतील या भीतीने माझा तोल गेला. मोडक्या जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला सुनावलं, "आमच्या घरात कुणी बूट घालून फिरत नाही. आम्ही रोज पाय घासतो. ही घाण तुमच्याकडची आहे!"

"असू शकेल," ती शांतपणे म्हणाली.

तिच्या शांतपणाने मी आणखी चिडलो आणि मुलीकडे वळलो. "चप्पल घाल म्हणून किती वेळा सांगितलं होतं?" ती ओल्या अंगाने उभी होती. चप्पल तिच्या पायातच होती. एकदा तिने चपलेकडे पाहिलं आणि मग तिने जर्मनमध्ये माफी मागितली.

त्वचेच्या डॉक्टरने तिचा पाय भिंगाखाली धरला. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

"बाबाला आहे," मुलगी म्हणाली.

मला मोजा काढावा लागला. डॉक्टरने माझा गोल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबला तशी मी कळवळलो. कुरूप असतं तर वरून दाबल्यावर दुखलं असतं, तो म्हणाला. त्वचेवरच्या रेषा तिथे तुटल्या होत्या, तेही त्याने दाखवलं. काळे ठिपके म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या, घाण नव्हे. हा विषाणू आहे, सोललेल्या, ओल्या कातडीतून शिरतो. तलावात लागतो, घरातही लागतो. "पाय घासायला दोघं एकच वस्तू वापरता का?"

मी उत्तर जुळवेपर्यंत मुलीने मोराचं सगळं वर्णन केलं. आधी बाबा, मग मी, असा क्रमही सांगितला. डॉक्टर नुसता हसला. कोमट पाण्यात पाय भिजवायचा, वरची मेलेली कातडी हलकेच घासायची, औषध लावायचं, पट्टी चिकटवायची. घासणी प्रत्येकाची वेगळी. काही महिने लागतील, ब्लेड अजिबात नको. हे सगळं मुलीला माझ्या आधी समजत होतं.

मी गाडी घराकडे वळवली. घरी गेल्यावर बायकोला खरं सांगायचं, आणि मुलीसमोर सांगायचं, असं मी ठरवत होतो. दोन वाक्यांचं काम होतं.

दार उघडताच बायकोने विचारलं, "काय म्हणाले? कुठून आलं हे?"

मी बूट काढायला वाकलो. मुलगी म्हणाली, "श्विमबाडमधून." मग आईला नक्की पटावं म्हणून तिने पुढे जोडलं, "मी चप्पल नव्हती घातली."

बायको तिला खूप बोलली. मी बुटाची नाडी सोडत राहिलो. ती सुटून बराच वेळ झाला होता.

वज्री मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या भंगाराच्या पेटीत टाकली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. मुलीने रबरी मोजे घालून परीक्षा दिली. बिल्ला देताना शिक्षिकेने माझ्याशीही हात मिळवला. माफी मागायची ती तेवढीच वेळ होती. मी नुसतं 'डांके', धन्यवाद, म्हणून निघालो. दिवाळीपर्यंत मुलीचा पाय साफ झाला. माझा त्यानंतरही बरेच महिने चालला.

मात्र आईची बोलणी खाल्ली त्या दिवसापासून मुलगी घरातही चप्पल घालू लागली. आमच्या अनवाणी घरात एकटी तीच, पलंगापासून बाथरूमपर्यंत फटफट चालायची. बायकोला त्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायची, "एकदाच ओरडले मी, बघा, लक्षात ठेवलंय पोरीने."

मुलगी माझ्याकडे बघायची. मी पाहुण्यांना चहा घ्या म्हणायचो.