खाडाखोड नसलेलं प्रकरण

टायपिंगवाल्या काकूंना खुनाचं भारी वेड. स्वभावानं इतक्या मऊ की दुकानात शिरलेलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायच्या. पण रहस्यकथेचं हस्तलिखित टायपिंगला आलं की त्यांचे डोळे चमकत. शाहूपुरीतल्या त्यांच्या छोट्या दुकानात लग्नपत्रिका, अर्ज, प्रबंध असलं सगळं यायचं. ती कामं त्या कर्तव्य म्हणून उरकत. खून म्हणजे मेजवानी.

अट एकच. लेखकानं एका वेळी एकच प्रकरण द्यायचं. पुढचं आधी कळलं तर हात चालत नाहीत, म्हणायच्या. मग टाइप करता करता मध्येच चौकशी सुरू. "ह्यो डागदर नदीवर गेलतो म्हणतोय, मग चपलेला चिखुल कसा न्हाय?" उत्तर दिलेलं चालायचं नाही आणि लपवलेलं सोसायचं नाही.

"खुनी हुडकायचा नसतोय ताई," त्या मला सांगायच्या. "कोण काय झाकतंय तेवढं बघायचं. खुनी आपसूक घावतोय."

माझ्या कादंबरीची सात प्रकरणं त्यांनी टाइप केली. कॉलेजातले पाच दोस्त पंधरा वर्षांनी पन्हाळ्यावर जमतात, एकाचा खून होतो आणि उरलेल्या चौघांची गुपितं एकेक करून बाहेर पडतात, अशी ती गोष्ट. आठवं प्रकरण शैलाचं. तिचं आधी एक लग्न झालेलं असतं आणि ते तिच्या लेकीला ठाऊक नसतं; मेलेल्या मित्राला मात्र ते कळलेलं असतं. मला हे प्रकरण सगळ्यात झकास वाटत होतं.

काकूंनी ते वाचलं आणि कीबोर्डवरचे हात मांडीत घेतले.

"ही शैला कोण वो?"

"कोणी नाही. कल्पनेतली."

"बाकीची कल्पनेतली हाईत. त्यांच्या पानांवर निस्ती खाडाखोड हाय. हिच्या एकवीस पानांत एक शबुद खोडल्याला न्हाय. बनवल्यालं माणूस असं एका दमात उतरत न्हाय ताई. हे कुणीतरी तुमास्नी सांगितलंय."

शैला म्हणजे माझी नंदा, तिसरीपासूनची मैत्रीण. तिनं हे फक्त मला सांगितलं होतं.

"नाव बदललंय की," मी पुटपुटले.

"नाव बदललं म्हून लेक आईला वळखणार न्हाय व्हय? आधी तिला दावा. ती हो म्हणली तर मी टाइप करतो." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारख्या त्याही 'करतो, जातो' असंच बोलायच्या.

मला रागच आला. टायपिंगवालीनं टाइप करावं! कागद उचलले आणि दुसरीकडे दिले. तिथल्या मुलीनं चार दिवसांत सगळं हातात ठेवलं, एक प्रश्न न विचारता. त्या स्वच्छ अक्षरांत नंदाचं आयुष्य वाचताना मात्र माझी मलाच लाज वाटली. पानं घेऊन तिच्याकडे गेले. तिनं उभ्या उभ्याच वाचलं. "छापू नकोस," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. तिच्या घरातून चहा न घेता मी त्या दिवशी पहिल्यांदा परतले.

प्रकरण फाडून टाकलं. खुनाचं कारणच त्यात होतं, त्यामुळे कादंबरीही बारगळली. नंदा पूर्वीसारखी बोलायला लागायला वर्ष गेलं. मग कधीतरी तिनंच लेकीला सगळं सांगितलं, आणि लेक काय म्हणाली तेही मला येऊन सांगितलं.

तोवर काकूंचे डोळे अधू झाले होते. दुकान बंद करून त्या वारणानगरला लेकाकडे निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. माफी मागितली, ती त्यांनी धड ऐकलीसुद्धा नाही. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"मी आता काय परत येत न्हाय ताई. एवढं सांगा. त्या शैलाच्या लेकीला कळलं का वो? काय म्हणली ती?"

इतके दिवस त्यांनी हा प्रश्न कसा पोटात ठेवला असेल, देव जाणे. मला उत्तर ठाऊक होतं, आणि त्या क्षणी काकूंना काहीही द्यावं असं वाटत होतं.

"मला नाही माहीत, काकू," मी म्हणाले.

जाड चष्म्यातून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

"शाब्बास," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.