साडेचारशे जीबीची स्कूटर

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या काकांना कुणीही नेटचा स्पीड सांगितला, की ते आधी त्याला आठने भागत. त्या दिवशी नवरीच्या वडिलांनी फोनवर फुशारकी मारली, "आमचं नेट शंभरचं आहे, पाठवा की बिनधास्त!"

काका उखडले. "अहो, शंभर मेगाबिट! आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट. तुमचं लग्न साडेचारशे जीबीचं. दहा तास लागतील! माझी स्कूटर वीस मिनिटांत आणते."

वीस मिनिटांत ते दारात हजरही झाले. मोठ्या तोऱ्यात त्यांनी पिशवीत हात घातला, तर हार्ड डिस्कऐवजी जेवणाचा डबा निघाला.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "डिस्क इथे टेबलावरच आहे. तुमच्या स्कूटरचा स्पीड शून्य. भागा आता त्या शून्याला आठने!"