घालवलेला दिवा

धोक्याचा दिवा विझला म्हणजे धोका टळला, असं तुम्हीही मानता का? मी मानलं. आमची जुनी टर्बो गाडी धक्के देऊ लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, तेव्हा मी गॅरेजात तो दिवा तेवढा घालवून घेतला. दुसऱ्याच दिवशी, आईला डायलिसिसला नेताना, भर घाटात इंजिन गचके खाऊ लागलं. मागे ट्रक होता. आई दाराचं हँडल घट्ट धरून बसली.

आज गाडी दुसऱ्या गॅरेजात, बापूमिस्त्रींकडे आणली. त्यांच्या स्कॅनरवर बिघाड तिसऱ्या सिलिंडरमध्ये दिसत होता. त्यांनी त्याची ठिणगी पाडणारी कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर.

"उभ्या गाडीत ठिणगी पडते, ताई. टर्बोनं हवा दाबली की कमजोर कॉइल हरते. चढावर बघू. बिघाड एक नंबरवर गेला, तर कॉइलच खराब."

"आणि नाही गेला तर?"

"तर अजून शोधू. नुसता दिवा घालवायला मी काय मांत्रिक आहे?"

सत्य दडपणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिते. इथे ते मीच दडपलं होतं, आणि उद्या पुन्हा आईला घेऊन तोच घाट चढायचा आहे.

मिस्त्रींना शेजारी बसवून मी गाडी चढावर नेली, तसा गचका बसला. स्कॅनरवर आकडा आला, एक. म्हणजे कॉइलच खराब; मी लगेच नवी बसवायला सांगितली.

तुमच्या गाडीत तो दिवा लागला, तर घालवून घेऊ नका. मिस्त्रींना शेजारी बसवा आणि आधी चढावर न्या.