गोठ्यातला फ्लेक्स

त्या फ्लेक्सचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी नेदरलँड्सच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं आणि व्हिसा हातात पडायच्या आत आमच्या गावी, काष्टीच्या चौकात, आमचा फ्लेक्स लागला. वर 'गावाचा अभिमान'. खाली कोट घातलेला नवरा. तो कोट स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेला. शेजारी मी आणि माझ्यापुढं लाल स्वेटरमधली आमची चार वर्षांची पोरगी. मागं विमान. त्याखाली शुभेच्छुक म्हणून सगळे चुलते, मावसभाऊ, तरुण मंडळ, दूध डेअरीचे संचालक. एवढ्या नावांच्या गर्दीत माझं नाव कुठंच नव्हतं. शाळेतली चांगली नोकरी सोडून मी निघाले होते, पण फ्लेक्सवर मी नुसती नवऱ्याच्या बाजूला उभी होते, हसत.

फ्लेक्स लागला म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लागला की तुम्ही सुखी झालात. मग पुढं काहीही होवो, तुम्हाला सुखीच राहावं लागतं.

आम्ही पोचलो ते ऐन थंडीत. गावाच्या टोकाला घर मिळालं, पुढं कालवा, पलीकडं सपाट शेतं आणि आभाळ सदा राखाडी. नवरा सकाळी अंधारात जायचा आणि अंधारातच यायचा. पोरीला पहिल्याच आठवड्यात शाळेत घातलं आणि तिथं ती बोलायची बंद झाली. परकी भाषा आहे, होईल सवय, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या. मलाही ते पटलं होतं. मग ती घरीही बोलेना. भूक लागली की स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. शू लागली की माझा हात ओढायची. काष्टीत दिवसभर आजोबांच्या मागं गोठ्यात हिंडून, वासरांशी भांडून, संध्याकाळी आवाज बसलेला असायचा या पोरीचा. तिला मी मांडीवर घेऊन विचारायचे, काय झालं गं बाळा, तर ती माझ्या ओढणीला गाठ मारायची आणि सोडायची.

मी घाबरले होते. खरंच घाबरले होते. नवरा म्हणायचा, "होईल गं. पन फोनवर काई बोलू नको. तिकडं उगं घोर लागंल."

फोन रोज यायचा. काष्टीत संध्याकाळच्या धारा चालू असायच्या तेव्हा आमच्याकडं दुपार असायची; पोरगी शाळेतून जेवायला घरी आलेली आणि नवरा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून फोनला जोडलेला. सासरे गोठ्यातल्या खांबाला मोबाईल टेकवायचे आणि मागं धारा काढायच्या मशीनची घरघर. त्यांना मी आण्णा म्हणते, पोरगी आबा. आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"गाया बघितल्या का तिकडच्या?"

आमच्या गोठ्यातल्या काळ्यापांढऱ्या गायींचं मूळ याच देशातलं, हे आण्णांना कुणीतरी सांगितलेलं. तेव्हापासून सून-मुलगा परदेशी गेले यापेक्षा ते गायींच्या माहेरी गेले, हीच त्यांना जास्त अपूर्वाईची गोष्ट. कास केवढी हाय, खुराक काय घालत्यात, दूध किती. पोरगी कशी आहे हे शेवटी, आणि त्यावर नवऱ्याचं उत्तर तयार: "झ्याक हाय, तिकडची भाषा बोलाया लागली." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पोरगी शेजारी बसलेली असायची, तोंड मिटून, आणि बाप तिच्या देखत तिच्या नावानं खोटं बोलायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एका रविवारी नवरा म्हणाला, चला, आण्णांना गायी दाखवू. थंडीत तिथं गायी बाहेर चरत नाहीत, आत असतात. सायकलच्या रस्त्यानं चालत आम्ही एका मोठ्या गोठ्यापाशी पोचलो. फाटक उघडं होतं. नवऱ्यानं आण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ आत शिरला.

आता आमच्याकडं हे इतकं साधं आहे की मीही पाठोपाठ गेले. बेलापूरला माझ्या माहेरी जा नाहीतर काष्टीला, रस्त्यानं जाताना कुणाचा गोठा दिसला की माणूस आत जातो, गायीच्या पाठीवर थाप मारतो, "किती लिटर?" विचारतो. मालक दोन लिटर वाढवून सांगतो आणि चहा टाकायला लावतो. न थांबता पुढं गेलात तर उलट रागावतो. नवरा तसाच ओळीनं गायी दाखवत चालला आणि आण्णा तिकडून "आरं बापरे, लई मोठी हाय, मागनं दाव, मागनं" असे ओरडत होते.

पोरगी बाहेरच थांबली होती. गोठ्याच्या भिंतीला लागून प्लॅस्टिकची पांढरी घरं मांडलेली होती, एकेका घरात एकेक लहान वासरू. तिनं एका वासरापुढं हात धरला होता आणि ते तिची बोटं चोखत होतं. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जायला लागले, आता बोलेल, आता बोलेल म्हणून श्वास रोखला, आणि तेवढ्यात मागून माणूस ओरडला.

निळ्या कपड्यांतला मालक होता. तोंड लालबुंद. आधी त्याच्या भाषेत ओरडला, मग इंग्रजीत. कोण तुम्ही, कुणी आत सोडलं, बाहेरच्या बुटांनी माझ्या जनावरांत रोग आणता का. त्याचं चुकलं नव्हतं. आमच्याकडं लाळखुरकुताची साथ आली की आण्णाही कुणाला आत घेत नाहीत. मी माफी मागितली, पुन्हा मागितली. नवरा मात्र कसनुसा हसत फोन धरून उभा. फोनमधून आण्णांनी विचारलं, "काय म्हनतोय रं त्यो?"

नवरा म्हणाला, "चहा घ्या म्हनतोय."

त्या मालकाच्या ओरडण्याचा मला एवढा राग आला नाही. या उत्तराचा आला. पोरगी हात मागं घेऊन भिंतीला चिकटली होती. तिचे ओठ पुन्हा मिटले होते.

परत येताना कालव्याकाठी असा वारा होता की बोलायला तोंड उघडलं की दात गार पडत. तरी मी बोलले. रस्त्यात उभी राहून बोलले. "चहा? अहो, हाकललं आपल्याला! उद्या ही पोर जन्माची मुकी राहिली तरी तुम्ही गावाला सांगाल, तिकडं बोलायची पद्धत नाही म्हणून!"

"मग काय सांगू?" तो पहिल्यांदाच चिडला. "फ्लेक्स लावलाय चौकात. लोक आण्णांना रोज विचारत्यात. पोरगं सुखात न्हाई म्हनून सांगू?"

"तुम्ही नाही सांगणार तर मी सांगते. उद्याच."

सायकलीवरून दोन बायका गेल्या, आमच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. काष्टीत एव्हाना निम्मी आळी गोळा झाली असती आणि निदान कुणीतरी पोरीला कडेवर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच घरी आला. मी सांगणार म्हणून आला, मला माहीत होतं. फोन टेबलावर डब्याला टेकवला. मी समोर, पोरगी माझ्या मांडीवर, तो शेजारी. वाक्य मी सकाळपासून तोंडात घोळवलं होतं. आण्णा, पोरगी बोलत नाही, तिला इथं सोसत नाहीये, आम्हाला काय करावं कळत नाही. एवढंच. पण आण्णा आज फार खुशीत होते, मला बोलायला जागाच देईनात.

"थांब, तुमाला गंमत दावतो," म्हणाले आणि मोबाईल उचलून गोठ्यात चालू लागले. "चौकातला तुमचा फ्लेक्स वाऱ्यानं सुटला. मंडळाची पोरं फेकून देत हुती. मी म्हनलं, आना हिकडं. वासरांना वारं लागतंय रात्री. हे बघा, कसा बसलाय."

गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला, खालपासून वरपर्यंत, तारेनं बांधलेले आम्ही होतो. एका कोपऱ्यात फाटलं होतं, विमान अर्धं गेलं होतं. लाल स्वेटरमधली पोरगी बरोबर वासरांच्या उंचीवर आली होती आणि एक कालवड तिच्या फोटोला अंग घासत होती.

माझ्या मांडीवर पोरगी पुढं सरकली. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि इतक्या दिवसांनी तिचा आवाज आला, जाडसर, घसा बसल्यासारखा.

"आबा, माझा फोटू ठेवून घेतला."

"व्हय गं माजे बाय! बोलली का! ठेवला की."

"मग मला का न्हाई ठेवून घेतलं?"

तिकडं मोबाईल थोडा खाली गेला. आण्णांचे पाय दिसले, चिखलातल्या चपला, पेंढा. मशीन चालू होतं. एक गाय हंबरली, ती इतकी स्वच्छ ऐकू आली की पोरगी तिकडं बघायला लागली.

मग आण्णांचा आवाज आला. "हॅलो? हॅलो? काय म्हनली ती? आवाज तुटतोय रं. रेंज गेली जनू."

नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि फोन बंद करायला हात पुढं केला. बाप तसा लेक. मी त्याचा हात टेबलावर दाबून धरला. इतक्या जोरात की माझीच बांगडी माझ्या मनगटात रुतली.

"आवाज नीट येतोय, आण्णा," मी म्हणाले. "तिनं तुम्हालाच विचारलंय. सांगा तिला."