चपला सांभाळायला एक माणूस

वर्गात साठ पोरं एकदम ओरडायला लागली, तरी मी नुसती चष्म्यावरून बघायचे आणि वर्ग गप्प व्हायचा. शाळेत माझा दरारा होता. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आणि हीच मी एकदा सिल्वासाच्या आमली भागातल्या कापडाच्या दुकानातून अनवाणी पळून आले होते.

ऐंशी सालानंतर कधीतरी लग्न होऊन मी कोकणातून सिल्वासाला आले. नवरा राखोलीच्या एका कारखान्यात, मी शाळेत, आणि घरी धुळ्याकडच्या सासूबाई. आमच्या गावी दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यामागे वाणी. आपण बाहेर उभं राहून मागायचं, त्याने द्यायचं, संपलं. इथे कापडाच्या दुकानात चपला पायरीवर काढून आत जायचं, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि गुजराती शेठ साडीमागून साडी उलगडत जायचे. "बेन, जुओ तो खरा! घेऊ नका, नुसतं बघा!"

ती पहिलीच दिवाळी होती. बघता बघता माझ्या पुढ्यात साड्यांचा ढीग झाला. मागे बायकांची दाटी, दार दिसेना. शेठनी एवढं उलगडून ठेवल्यावर काही न घेता उठायचं तरी कसं? तेवढ्यात काळीज धडधडायला लागलं. तळहात ओले झाले, तोंडाला कोरड पडली, श्वास घशाशी अडकला. आपण आता इथेच, या जांभळ्या काठांवर, मरणार याची मला खात्री पटली. मी ढीग लोटून उठले ती घरी पोचल्यावरच थांबले.

सासूबाई त्या वेळी दुकानाच्या पायरीवर होत्या. माझ्या चपला हातात घेऊन त्या मागून घरी आल्या. चपला दारात ठेवल्या आणि एक शब्दही न बोलता आत गेल्या. तो अबोला मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबला.

खरं तर सासूबाई कुठल्याच दुकानात शिरत नसत. "तुम्ही जा, मी चपला सांभाळते," असं म्हणून पायरीवर बसायच्या, पदराचं टोक मुठीत आवळून. त्यांच्या चपलासुद्धा माझा नवराच आणायचा. वर्तमानपत्रावर त्यांचं पाऊल ठेवायचं, पेन्सिलीने कड काढायची, कागद कापायचा आणि तो खिशात घालून दुकानात जायचं. मला वाटायचं, काय हा तोरा! आपण मोठ्या घरच्या, दुकानदारापुढे पाय कशाला करायचा?

त्या दिवसापासून मीही दुकानं टाळायला लागले. यादी करायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. विचारलं कुणी तर शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत म्हणायचं. शेवटी एका डॉक्टरांना लाजत लाजत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "समोर वाघ आला तर पळता यावं म्हणून शरीर जी तयारी करतं ना, तीच ही. फक्त इथे वाघ नाही. पुढच्या वेळी पळू नका. बसून राहा. ते चढतं तसं आपोआप उतरतं."

मी थक्क झाले. गादीवर मांडी घालून बसलेल्या एका मास्तरणीसाठी अंगात एवढी फौज उभी राहते! कुणी न सांगता, एका क्षणात! कितीतरी दिवस मी आपल्याच हाताकडे नवलाने बघत होते. पण कळणं वेगळं आणि गादीवर जाऊन बसणं वेगळं. मी काही गेले नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी चौथीत आली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाचात घेतलं. सगळ्या मुलींना मोरपंखी रंगाचे परकर हवे होते. नवऱ्याने एकदा पोपटी कापड आणलं, दुसऱ्यांदा चक्क निळं. वर म्हणाला, "रंग तर रंग आहे!" मी चिडले. तर मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, मी नाचात नाही राहत. तुला दुकानात जावं लागेल ना."

 माझी भीती माझ्यापुरती आहे असं मी धरून चालले होते. इथे ही पोर नऊ वर्षांची, आणि आतापासूनच माझ्या भीतीपायी आपला वाटा सोडायला लागली होती. उद्या ती माझ्यासारखीच बाहेर उभी राहिली तर? मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "चल."

सासूबाई निघाल्याच बरोबर, चपला सांभाळायला.

तेच दुकान, तीच गादी. शेठचे केस पिकले होते, उत्साह तोच. मोरपंखीच्या दहा छटा पुढ्यात पडल्या आणि काळीज पुन्हा धडधडत सुटलं. मी गादीची चादर मुठीत धरली. बसून राहायचं, बसून राहायचं. मुलगी कापडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मग दाराकडे. माझा एक गुडघा उठायला वर आला.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. सासूबाई! त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता आणि घामाने निथळत होता.

"चपला?" मी कशीबशी म्हणाले.

"जाऊ दे व चोरीला." त्यांना धाप लागली होती. "मले बी असंच होतं. लग्न झालं तवापासून. उठू नको. पोर बघी राहिली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं! आणि मी त्याला तोरा म्हणत होते. एवढ्या वर्षांत एकाही माणसाला कळू न देता ही बाई दुकानादुकानाच्या पायऱ्यांवर बसली होती. पळालेल्या सुनेच्या चपला उचलून आणताना हिला सगळं कळलं होतं. आणि आज, डॉक्टरचा एक शब्दही न ऐकता, ती आपणहून आत आली होती. मला आयुष्यात कुणाचं एवढं नवल वाटलेलं नाही.

आम्ही दोघी हात धरून बसलो. शेठ उलगडत राहिले. आणि खरंच, चढलं होतं ते हळूहळू उतरलं. आधी माझं, मग त्यांचं. मुलीने एक तागा जवळ ओढला आणि म्हणाली, "आजी, हा बघ, हाच आमचा रंग."

बाहेर आलो तर माझ्या चपला होत्या, मुलीच्या होत्या. सासूबाईंच्या गेल्या होत्या. माझ्या घाला म्हटलं तर ऐकेनात. तापल्या रस्त्यावरून अनवाणी, पण पुढे पुढे चालत होत्या.

संध्याकाळी नवऱ्याने सवयीप्रमाणे वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिल घेऊन त्यांच्यापुढे बसला. सासूबाईंनी पाऊल उचललं, कागदावर टेकवणार तोच मागे घेतलं आणि लुगड्याखाली झाकलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या आम्ही तिघी जातो."