गोदावरीबाईचं वैर

आसगावात गोदावरीबाईच्या तोंडाला कोणी लागत नाही. बाई बोलायला लागली की समोरच्याला केव्हा एकदा घर गाठतो असं होतं. धानाच्या रोवणीला बाया जमवायच्या त्या तिनंच. ती पुढे, तिच्यामागे तिची धाकटी जाऊ रुपा, आणि रुपाच्या मागे सगळी टोळी. वासुदेवरावांच्या शेतातल्या बांध्यांमध्ये ही टोळी वर्षानुवर्षं राबत आली. त्यांचं दुमजली घर, नवी चारचाकी, पोराचं नागपूरचं शिक्षण, यातलं काही म्हणजे काही गोदावरीबाईला कधी खुपलं नाही. मालक आहे, त्याच्याकडे असणारच, असं ती सरळ म्हणायची.

खुपलं ते भलतंच. गेल्या साली पाऊस उशिरा आला, सगळ्यांच्या रोवण्या एकदम निघाल्या, आणि वासुदेवरावांनी टेम्पो भरून बाहेरगावच्या बाया आणल्या. एकाच चिखलात, बांधाच्या अल्याडपल्याड दोन्ही टोळ्या वाकल्या. संध्याकाळी शेतालगतच्या बोडीच्या पाण्यात हातपाय धुताना त्यातली एक बिचारी आपली रोजी सहज बोलून गेली. आसगावच्या बायांपेक्षा शंभराची नोट जास्त! गोदावरीबाईनं पाय धुवायचे सोडले आणि तशीच चिखलाच्या पायांनी मालकापुढे जाऊन उभी राहिली. वासुदेवराव हसले.

"त्या बाहेरच्या आहेत, त्याहिले जास्त द्या लागते," ते म्हणाले. "तुम्ही तं आपल्या घरच्याच."

घरच्या म्हणून कमी! वा रे न्याय! शिवी दिली असती तर तिनं दोन परत दिल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण हे बोलणं तिच्या काळजात रुतलं. वर्षभर भात कालवताना तिला तेच आठवे, आणि वर्षभर ती मालकाशी गोड बोलत राहिली.

यंदा त्यांनी विचारलं तेव्हा तिनं लगेच होकार दिला. बाहेरच्या कायले आणता, मी आहो ना, असंही वर म्हणाली. त्या भरवशावर वासुदेवरावांनी चिखलणी करून घेतली, गड्यांकडून परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधीत टाकल्या, आणि सकाळी पाहतात तर एक बाई नाही. गोदावरीबाई सगळी टोळी घेऊन पल्याडच्या गावी सेवकराम नावाच्या लहानशा शेतकऱ्याकडे निघून गेली होती. त्याची रोजी मालकापेक्षाही कमी, वर जाऊन येऊन पायपीट. बाया कुरकुरल्या, तिनं कोणाचं ऐकलं नाही. उपटलेले परे उन्हात पिवळे पडताना तिला डोळ्यांपुढे दिसत होते आणि ती गाणं म्हणत रोवत होती. असा आनंद तिला पोरीच्या लग्नातही झाला नसेल.

संध्याकाळी वासुदेवराव स्वतः तिच्या अंगणात आले, आयुष्यात पहिल्यांदा. बाहेरच्यांएवढी रोजी देतो म्हणाले, मग त्याहूनही वर चढले. अंगण दोघी जावांचं एकच. रुपा आपल्या दारात उभी राहून ऐकत होती.

"मले जास्त नोको, मालक," गोदावरीबाई म्हणाली. "तुमचं नुकसान झालं पायजे."

मालक मान खाली घालून गेले. ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी जमते त्या चौकात एकही बाई नाही. सेवकरामकडची वाट वासुदेवरावांच्या शेतावरूनच जाते. पाहते तर सगळी टोळी तिथं चिखलात, आणि सगळ्यांत पुढे रुपा! मालक गोदावरीबाईच्या अंगणातून निघाले ते वाटेत रुपाच्या नवऱ्याला गाठूनच घरी गेले होते, आणि त्याच चढ्या भावात सौदा ठरला होता. रुपाच्या मनात काही काळं नव्हतं. तिनं मान वर करून हाक मारली.

"या ना बाई. तुमच्यामुळंच तं भाव वाढला. माह्या बाजूले जागा ठेवली आहे तुमची."

बाजूला! उतरली असती तर जन्मात मिळाली नव्हती एवढी रोजी पदरात पडली असती. पण नाही, बाई तोंड फिरवून गेली आणि सेवकरामकडे एकटीच कमी रोजीवर राबली.

रोवणी संपल्यावर रुपानं नवं लोखंडी कपाट घेतलं. ते टेम्पोतून उतरलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. मालकाच्या चारचाकीनं जे कधी झालं नव्हतं ते त्या कपाटानं झालं. गोदावरीबाईचा जीव जळून खाक झाला. रुपानं लेकीच्या, हर्षाच्या हाती कोंबडीचा रस्सा पाठवला, तो तिनं तसाच परत धाडला. कपाट हप्त्यावरचं आहे हे कळलं, तरी बरं वाटलं नाही. मालकावरचा राग मात्र कुठल्या कुठे गेला. ते रस्त्यात भेटले की ती थांबून चांगलं बोलायची.

धान पिकत आलं तसं गावात बोलणं सुरू झालं की कापणीचा भावही आता रुपाच ठरवणार. रुपानं वाढीव सांगितला होता, मालकांनी अजून हो म्हटलं नव्हतं. गोदावरीबाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. चहा आला, तो प्याली.

"कापणी मले द्या," ती म्हणाली. "गेल्या सालापेक्षाही कमी भावात करून देईन. बाया बाहेरगावाहून आणीन. एकच अट हाय. रुपी तुमच्या बांधीत दिसली नाही पायजे."

वासुदेवरावांनी घासाघीस केली नाही. लगेच हो म्हणाले.